डबाही फुकट, सल्लाही
अमेरिकेत गरीब गर्भवती, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी ‘विक’ ही सरकारी योजना १९७०च्या दशकापासून शिधा पुरवते. अंगावर पाजा, असे सांगणारी हीच योजना बाळाच्या पावडरदुधाचे डबेही फुकट देते. पेच खरा इथेच आहे. म्हणून २००९मध्ये शिध्याची फेरमांडणी झाली. केवळ अंगावर पाजणाऱ्या आईचा वाटा सर्वांत मोठा: महिन्याला दोन डझन अंडी, डबाबंद मासेसुद्धा, आणि तोही बाळ वर्षाचे होईपर्यंत. न पाजणाऱ्या आईला सहाच महिने. पण देशभर लागू असा भरपगारी बाळंतरजेचा कायदाच नाही. कामावर लवकर परतावे लागणाऱ्या आईला अंड्यांपेक्षा रजा हवी असते. शिध्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात त्या योजनेतल्या सल्लागार सख्या, स्वतः बाळाला पाजलेल्या, तिच्याच वस्तीतल्या.