दहाही व्हेरिएबल्स नापास, तरी मॉडेल पास? एफ-टेस्टचा हिशोब

आज आकडे जरा जास्त आहेत, त्यामुळे ऐकताना हा ट्रान्सक्रिप्ट समोर असू द्या.

आर उघडलंत की त्यात एमटीकार्स नावाचा डेटासेट आयता मिळतो. १९७४च्या 'मोटर ट्रेंड' या अमेरिकन मासिकातल्या ३२ गाड्या. गाडी किती अ‍ॅव्हरेज देते (गॅरेजवाल्याचं अ‍ॅव्हरेज, गणितातलं नाही!) हे वजन, हॉर्सपॉवर, सिलिंडर वगैरे १० गोष्टींवरून सांगायचं. दहाही एकदम टाका आणि समरी बघा. एकाचीही पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली नाही! वजन तेवढं जवळ येतं, ०.०६ वर अडकतं. रिव्ह्यूमध्ये कोणीतरी लगेच म्हणणार, "काहीच सिग्निफिकंट नाही, फेकून द्या मॉडेल."

थांबा. समरीची शेवटची ओळ वाचा.

तिथला प्रश्न वेगळा आहे: दहाही कोइफिशंट खरोखर शून्य असते, तर एवढा फिट निव्वळ योगायोगाने मिळाला असता का? त्यासाठी अ‍ॅनोव्हा सरळ हिशोब मांडतो. सगळ्या गाड्यांना सरासरी मायलेज चिकटवलं तर चुकांच्या वर्गांची बेरीज येते ११२६. त्यातले ९७९ मॉडेलने समजावले, १४७ उरले. पण १० व्हेरिएबल्स घातले की थोडं काही फुकटातही समजतंच, म्हणून प्रत्येकाला आपापल्या डिग्रीज ऑफ फ्रीडमने भागायचं. ९७९ भागिले १०, साधारण ९८. उरलेल्यासाठी ३२ वजा १० वजा १, म्हणजे २१. १४७ भागिले २१, साधारण ७. ९८ भागिले ७ केलं की एफ आला सुमारे १४. मॉडेलमध्ये दम नसता तर हा आकडा १ च्या आसपास घुटमळला असता. ५ टक्क्यांची रेषा इथे २.३ ला आहे. पी-व्हॅल्यू ०.००००००४!

मग दहा जण एकेकटे नापास का? कारण टी-टेस्ट विचारते, "बाकीचे नऊ असताना तू नवीन काय सांगतोस?" सिलिंडर आणि इंजिनाची क्षमता यांचं कोरिलेशन ०.९०. दोघं एकच गोष्ट सांगतात, मग श्रेय कोणालाच मिळत नाही. फक्त वजन आणि हॉर्सपॉवर ठेवून बघा: दोन्ही दणदणीत सिग्निफिकंट, एफ ६९.

उलटा धोकाही आहे. दहा निरुपयोगी व्हेरिएबल्सच्या दहा स्वतंत्र टेस्ट केल्या, तर निदान एक खोटा अलार्म वाजण्याची शक्यता ४० टक्के. एफ सगळ्यांना एकत्र तपासतो, म्हणून तो ५ वरच राहतो.

मात्र एफ कोणाचं नाव घेत नाही. "निदान एक तरी कामाचा आहे" एवढंच सांगतो. आणि डेटा लाखोंनी असेल तर फुटकळ मॉडेलचाही एफ सिग्निफिकंट येतो, तेव्हा शेजारचा आर-स्क्वेअर्डही बघा. आपल्या दहाच्या मॉडेलचा तो ०.८७ आहे, अ‍ॅडजस्टेड ०.८१.