टायग्रिसकाठचं गाडलेलं अलेक्झांड्रिया

दक्षिण इराकमध्ये, बसरा शहराच्या उत्तरेला इराणच्या सीमेजवळ जबल खयाबर नावाची जागा आहे. उघडीबोडकी सपाट जमीन, विखुरलेली खापरं आणि मातीचा एक लांबलचक तट, यापलीकडे तिथं नजरेत भरावं असं काही नाही. पण अलेक्झांडरने इ.स.पू. 324मध्ये टायग्रिस नदीकाठी वसवलेलं अलेक्झांड्रिया हे बंदर याच मातीखाली आहे. पुराने ते उद्ध्वस्त झालं, पुन्हा उभं राहिलं आणि पुढे राजा हिस्पाओसिनीसच्या नावावरून खॅरॅक्स स्पासिनू म्हणून गाजलं.

या बंदराचे धागे आपल्यापर्यंत येतात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथानुसार पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला जाई. भडोचहून सागवानासारखं लाकूड आणि तांबं घेऊन मोठी जहाजं खॅरॅक्सजवळच्या अपोलोगसला निघत. रोमन सम्राट ट्रेजनने इ.स. 116मध्ये खॅरॅक्सलाच भारताकडे निघालेलं जहाज पाहिल्याची नोंद आहे.

संशोधक जॉन हॅन्समन यांनी 1960च्या दशकात हवाई छायाचित्रांच्या आधारे ही जागा ओळखली. त्यानंतर इराण-इराक युद्ध पेटलं आणि तिथं लष्कराचा तळ पडला.

2016पासून ब्रिटिश आणि जर्मन पुरातत्त्वज्ञ इथं जमिनीचं चुंबकत्व मोजणारे मॅग्नेटोमीटर घेऊन फिरू लागले. दोऱ्या लावून जमिनीचे चौकोन आखायचे आणि सरळ पट्ट्यांत शांतपणे चालत राहायचं, असं हे काम. पट्ट्याचं बक्कल किंवा बुटातला खिळासुद्धा चालत नाही, कारण लोखंडाने वाचन बिघडतं. भट्टीत तापलेली माती निवताना पृथ्वीचं चुंबकत्व धरून ठेवते. त्यामुळे वीटभट्टी ठळक उमटते. कच्च्या विटांची भिंत आणि भोवतीचा गाळ यांच्यातला फरक मात्र अगदी बारीक असतो, पण उपकरण तोही टिपतं.

अशी हजारो वाचनं जोडली आणि कुदळ न लावता शहर उलगडलं: काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, प्राचीन शहरांच्या मानाने अवाढव्य घरवस्त्या, भट्ट्या, कालवे. सगळ्या वस्त्यांची दिशा एक नाही, म्हणजे शहर टप्प्याटप्प्याने वाढलं असावं. उत्खननाने जे जाणायला पिढ्या गेल्या असत्या, ते इथं काही हंगामांत हाती आलं. शिवाय जमिनीला धक्का लागला नाही, हे फार मोलाचं.

पुढे टायग्रिसने पात्र बदललं, गाळाने समुद्र दूर सरकला आणि बंदराचा जीव गेला. आता कुठे खणायचं, हे पुरातत्त्वज्ञ याच नकाशावरून ठरवू शकतात.