अधिकारी गेले, काम टिकले

पोलिस अधिकारी निवृत्त झाले की नांदेड असो वा लातूर, सत्कार ठरलेला असतो. शाल, श्रीफळ, हार, चार भाषणे आणि फोटो. यात गैर काही नाही. ज्याने भले केले त्याचे शुक्र मानावे, ही दीनचीच शिकवण आहे. पण त्या अधिकाऱ्याने मोहल्ल्यासाठी नेमके काय केले आणि ते गेल्यावर त्यातले काय उरणार, हे क्वचितच विचारले जाते. म्हणून आज सुरेश खोपडे यांच्या कामाची आठवण करावीशी वाटते.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते होरपळले होते. मुस्लिम वस्ती पोलिसांना घाबरत होती आणि पोलिस वस्तीकडे संशयाने पाहत होते. १९८८ मध्ये खोपडे तेथे पोलिस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी शहरात सुमारे ७० मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. एरवी शांतता समितीत पुढाऱ्यांची गर्दी असते. या कमिट्यांत मात्र कामगार, दुकानदार अशी साधी माणसे होती, हिंदूही आणि मुस्लिमही. सण नसतानाही बैठका होत. नळाचे भांडण असो की शेजाऱ्यांची कुरबूर, कमिटीत बोलणे होई. त्यातून पोलिसांना माणसे कळली आणि शेजाऱ्याला शेजारी कळला.

या कामाची खरी परीक्षा डिसेंबर १९९२ मध्ये झाली. बाबरी मशीद शहीद झाली आणि शेजारची मुंबई पेटली. भिवंडी मात्र शांत राहिली. तेव्हा खोपडे तेथे नव्हते. त्यांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळ यांनी कमिट्या चालू ठेवल्या होत्या. आधीच्या साहेबांचे काम म्हणून त्यांनी ते बाजूला टाकले नाही, याबद्दल त्यांचेही आभार मानायला हवेत. पुढे १९९४ मध्ये पोलिस आयुक्त सतीश साहनी आणि ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने मुंबईतही मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. खोपडे महानिरीक्षक पदापर्यंत पोहोचून निवृत्त झाले.

पण हा विश्वास एकदा कमावला म्हणजे कायमचा राहतो असे नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोन नागरिक मरण पावले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. चारही घरे उजाड झाली.

आपल्या मराठवाड्यातही ईद किंवा गणेशोत्सव जवळ आला की ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. चहा होतो, सह्या होतात आणि पुढच्या सणापर्यंत सारे थंड. एखादे साहेब चांगले निघाले तर आपण निर्धास्त होतो आणि त्यांची बदली झाली की हळहळतो. त्यापेक्षा वर्षभर बैठकीला जाऊ या. शिकलेल्या मुलांना आणि घरातल्या स्त्रियांनाही तेथे बसवू या. मुलामुलींना पोलिस भरतीच्या तयारीला लावू या. नवे अधिकारी आले की आधीचे चांगले काम त्यांना आपणच सांगू या.

निवृत्त होणाऱ्या साहेबांना शाल जरूर द्यावी. पण त्यांनी सुरू केलेले काम ही आपल्याकडे राहिलेली अमानत आहे. ती सांभाळण्याची तौफीक अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.