बाळ मुलगा की मुलगी, हे लगेच सांगता आले नाही तर

काही बाळांच्या जननेंद्रियांच्या ठेवणीवरून मुलगा की मुलगी हे डॉक्टरांनाही लगेच सांगता येत नाही. गुणसूत्रे, संप्रेरके (हार्मोन्स) किंवा जननेंद्रिये यांची जन्मजात रचना स्त्री-पुरुषाच्या ठरावीक साच्यात बसत नसेल, तर त्या व्यक्तीला आंतरलिंगी म्हणजे इंटरसेक्स म्हणतात. यात आईचा दोष नसतो आणि ग्रहणाचाही नसतो. आपण पुढच्या पायऱ्या क्रमाने पाहू.

१. आधी जीव सांभाळावा. संप्रेरके, रक्तातील क्षार आणि गुणसूत्रे तपासून घ्यावीत, सोनोग्राफी करावी. काही बाळांच्या ॲड्रिनल ग्रंथींत (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत) जन्मजात बिघाड असतो. त्यातल्या अनेकांच्या शरीरातले मीठ पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने घटते. उलट्या, सुस्ती, वजन न वाढणे ही त्याची लक्षणे. हे जीवावर बेतू शकते. औषध लगेच सुरू करावे लागते आणि ते मनाने कधीच बंद करू नये.

२. जन्मनोंद. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. नाव मात्र नंतर घालता येते, त्यामुळे बारशाची घाई नको. दाखल्यावरचा लिंगाचा रकाना नीट वाचावा. तिथली चूक पुढे शाळा, आधार, पासपोर्टपर्यंत जाते.

३. शस्त्रक्रिया. सर्वांत जास्त चुका इथे होतात. लघवीचा मार्ग अडला असेल, तर उपचार हवाच. पण केवळ अवयव ‘नीट दिसावेत’ म्हणून केलेली शस्त्रक्रिया परतवता येत नाही. तिच्यामुळे संवेदना जाऊ शकते, काही प्रकारांत मूल होण्याची क्षमताही जाते. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल 2019 मध्ये अशा शस्त्रक्रिया रोखण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तामिळनाडू सरकारने जीवघेणी परिस्थिती वगळता बाळांवर त्या करण्यास बंदी घातली. हा आदेश त्या राज्यापुरता आहे. म्हणून आपण डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: आज केली नाही, तर जीवाला धोका आहे का? नसेल, तर मूल स्वतः ठरवू शकेल तोवर थांबता येईल का?

४. कायदेशीर ओळख. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यात आंतरलिंगी व्यक्तींची वेगळी व्याख्या आली, पण त्यांचा समावेश तृतीयपंथी या गटातच झाला. प्रत्यक्षात अनेक आंतरलिंगी व्यक्ती स्वतःला सरळ स्त्री किंवा पुरुष मानतात. त्यामुळे मुलावर कोणतीही ओळख लादू नये. ओळख प्रमाणपत्र हवेच असेल, तर अर्जाआधी जिल्हाधिकारी कार्यालयात त्या वेळचे नियम विचारून घ्यावेत.

५. फाइल आणि खरे बोलणे. सर्व अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. मोठेपणी उपचारांसाठी ते लागतात. मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत खरे सांगत जावे. लपवाछपवीतून मूल एवढेच शिकते की आपल्या शरीरात लाज वाटण्यासारखे काहीतरी आहे.

नातेवाईक घाई करतील, शेजारी विचारतील. त्यांना उत्तर देणे आपल्याला बंधनकारक नाही. शरीर मुलाचे आहे आणि त्याबद्दलचा निर्णयही त्याचाच. तो घेता येईपर्यंत आपण त्याची प्रकृती सांभाळावी आणि त्याला वेळ द्यावा.