फुप्फुसातील मृदू ऊतींच्या अर्बुदांचे विकृतिशास्त्रीय निदान

फुप्फुसातील मृदू ऊतींची अर्बुदे म्हणजे संयोजी ऊती, रक्तवाहिन्या, अरेखित स्नायू इत्यादींच्या पेशींशी साधर्म्य असलेल्या पेशींपासून बनलेल्या व फुप्फुसात किंवा त्याच्या आवरणात (परिफुप्फुसात) आढळणाऱ्या गाठी होत. फुप्फुसाचा नेहमीचा कर्करोग श्वासमार्गाच्या व वायुकोशांच्या अस्तरपेशींपासून उद्भवतो. त्यास कार्सिनोमा म्हणतात. मृदू ऊतींच्या घातक अर्बुदास सार्कोमा ही संज्ञा आहे. फुप्फुसातच उद्भवलेले सार्कोमा फुप्फुसाच्या एकूण घातक अर्बुदांत १ टक्क्याहूनही कमी असतात. या गटात सौम्य, मध्यम व अतिशय घातक अशी सर्व प्रकारची अर्बुदे येतात. त्यांचे उपचार भिन्न असल्याने अर्बुदाची नेमकी ओळख पटवणे महत्त्वाचे ठरते.

निदानातील अडचण

क्ष-किरण चित्रात किंवा सीटी स्कॅनमध्ये यांपैकी बहुतेक अर्बुदे गोलसर छायेसारखी दिसतात. क्षयाची गाठ, नेहमीचा कर्करोग आणि अन्य अवयवांतून पसरलेला कर्करोग यांच्या छायाही तशाच असू शकतात. त्यामुळे सुईने किंवा शस्त्रक्रियेने ऊतीचा तुकडा काढून (बायोप्सी) त्याची परीक्षा करावी लागते.

सूक्ष्मदर्शकाखालीही अडचण पूर्णपणे दूर होत नाही. या गटातील अनेक अर्बुदांच्या पेशी मध्ये जाड व दोन्ही टोकांना निमुळत्या, म्हणजे चातीच्या आकाराच्या असतात. त्यांना तर्कुरूप पेशी म्हणतात. सौम्य गाठीतील आणि घातक सार्कोमातील तर्कुरूप पेशी काही वेळा जवळजवळ सारख्याच दिसतात. सुईने मिळालेला नमुना लहान असल्यास अर्बुदाची एकूण रचनाही कळत नाही.

नेहमीच्या शक्यता वगळणे

दुर्मिळ निदानापूर्वी अधिक आढळणाऱ्या शक्यता तपासण्याची पद्धत आहे. सार्कोमा प्रामुख्याने रक्तावाटे पसरतात आणि फुप्फुस हे त्यांच्या प्रसाराचे सर्वांत नेहमीचे ठिकाण आहे. म्हणून हातपाय, गर्भाशय किंवा उदर यांतील गाठीची शस्त्रक्रिया पूर्वी झाली होती काय, याची माहिती विकृतिशास्त्रज्ञाला आवश्यक असते. ती शस्त्रक्रिया अनेक वर्षांपूर्वीची असली तरी तिचे महत्त्व कमी होत नाही.

फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगाच्या पेशीही कधीकधी तर्कुरूप होतात. त्या प्रकारास सार्कोमासदृश कार्सिनोमा म्हणतात. परिफुप्फुसाचा मेसोथेलिओमा आणि त्वचेपासून पसरलेला मेलॅनोमा यांचे रूपही असेच असू शकते. या सर्व शक्यता दूर झाल्यावरच फुप्फुसातील मूळ सार्कोमाचे निदान केले जाते.

प्रतिपिंडांच्या साहाय्याने अभिरंजन

ऊतीचे सुमारे ४ मायक्रॉन जाडीचे काप घेऊन ते प्रथम हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांनी रंगवतात. त्यानंतर विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरले जातात. ते प्रथिन पेशीत असल्यास तेथे सहसा तपकिरी रंग उमटतो. केरॅटिन हे प्रथिन कार्सिनोमाकडे, सीडी ३१ व ईआरजी रक्तवाहिन्यांच्या पेशींकडे, तर एस १०० मेलॅनोमाकडे किंवा मज्जातंतूंच्या आवरणाच्या अर्बुदांकडे निर्देश करते. मात्र कोणतीही एक खूण निर्णायक मानली जात नाही. उदाहरणार्थ, सायनोव्हियल सार्कोमाच्या पेशींतही केरॅटिन आढळते; केवळ त्यावर विसंबल्यास त्याचे निदान कार्सिनोमा असे होण्याचा धोका असतो. म्हणून अनेक प्रतिपिंडांचा संच एकत्र वापरतात.

काही प्रमुख अर्बुदे

एकल तंतुमय अर्बुद: हे बहुधा परिफुप्फुसाला लागून वाढते व पुष्कळ मोठे होऊ शकते. २०१३ मध्ये या अर्बुदात एनएबी२ व स्टॅट६ ही १२व्या गुणसूत्रावरील शेजारची जनुके जोडली गेल्याचे आढळले. त्यामुळे पेशीच्या केंद्रकात स्टॅट६ प्रथिनाचा रंग उमटतो आणि निदान सुकर होते. काही रुग्णांत हे अर्बुद इन्सुलिनसदृश पदार्थ स्रवते व रक्तशर्करा घटते.

दाहयुक्त मायोफायब्रोब्लास्टिक अर्बुद: हे मुले व तरुण यांत अधिक आढळते. तर्कुरूप पेशींभोवती प्लाझ्मा पेशी व लसिका पेशींची गर्दी असल्याने पूर्वी यास निव्वळ दाहाची गाठ समजत. सुमारे निम्म्या रुग्णांत एएलके या जनुकाची पुनर्रचना झालेली असते.

सायनोव्हियल सार्कोमा: नावावरून सांध्याशी संबंध सूचित होत असला तरी हे अर्बुद सांध्याच्या अस्तरापासून उद्भवत नाही. एक्स व १८व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एसएस१८ व एसएसएक्स ही जनुके जोडली जाणे, ही त्याची खूण आहे.

एपिथेलिऑइड हिमँजिओएन्डोथेलिओमा: यात अनेकदा दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी असतात. १९७५ मध्ये डेल व लीबो यांनी यास वायुकोशांच्या पेशींचे अर्बुद मानले होते. १९८२ मध्ये वाइस व एन्झिंगर यांनी मृदू ऊतींतील अशाच अर्बुदाचे वर्णन केले आणि पुढे ही दोन्ही अर्बुदे एकच, रक्तवाहिन्यांच्या पेशींची, असल्याचे स्पष्ट झाले. बहुतेक रुग्णांत डब्ल्यूडब्ल्यूटीआर१ व कॅमटा१ ही जनुके जोडलेली आढळतात.

स्वच्छ पेशींचे अर्बुद: पेशींत ग्लायकोजेन विपुल असल्याने यास शर्करा अर्बुद असेही नाव आहे. ते सहसा सौम्य असते. परंतु मूत्रपिंडातून पसरलेल्या कर्करोगाच्या पेशीही अशाच स्वच्छ दिसतात. शर्करा अर्बुदात एचएमबी ४५ ही खूण आढळते व केरॅटिन नसते. मूत्रपिंडाच्या कर्करोगात याच्या उलट स्थिती असते.

जनुकीय चाचण्या

अभिरंजनाने निर्णय न झाल्यास जोडली गेलेली जनुके शोधतात. फिश या चाचणीत चमकणाऱ्या रंगांच्या साहाय्याने जनुकाची मोडतोड प्रत्यक्ष दिसते. अनुक्रमनिर्धारणाने जोडलेली दोन्ही जनुके ओळखता येतात. तथापि एकच जनुकजोड भिन्न अर्बुदांतही आढळू शकते. म्हणून चाचणीचा अर्थ पेशींची रचना, गाठीचे स्थान आणि रुग्णाचे वय यांच्यासह लावला जातो.

उपचारांवरील परिणाम

शर्करा अर्बुद शस्त्रक्रियेने काढल्यावर रुग्ण सहसा पूर्ण बरा होतो. तेच मूत्रपिंडाचा पसरलेला कर्करोग समजले गेल्यास त्याच्यावर अनावश्यक औषधोपचार होऊ शकतात. दाहयुक्त मायोफायब्रोब्लास्टिक अर्बुद पूर्णपणे काढणे शक्य नसेल आणि त्यात एएलकेची पुनर्रचना असेल, तर क्रिझोटिनिबसारखे औषध उपयोगी पडते; अमेरिकेत २०२२ मध्ये त्यास या आजारासाठी मान्यता मिळाली. एकल तंतुमय अर्बुद कधीकधी अनेक वर्षांनी पुन्हा उद्भवते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही रुग्णाची दीर्घकाळ नियमित तपासणी करावी लागते. सायनोव्हियल सार्कोमा हा याउलट आक्रमक असल्याने त्यात शस्त्रक्रियेबरोबर बहुधा रसायनोपचार किंवा प्रारणोपचार यांचाही विचार केला जातो.