नव्या मोटारीचा दुर्गंध

नवी मोटार घेऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच, घाट चढून आल्यावर तिच्या मागून सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागतो, अशी तक्रार पुष्कळ मालक करतात. इंजिन बिघडले असावे, ही शंका स्वाभाविक आहे. वस्तुतः या वासाचे उगमस्थान बहुधा धूर शुद्ध करणारी पेटी हे असते.

हिला उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, असे नाव आहे. भारतात १९९५ साली चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींस ती प्रथम सक्तीची झाली. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेल्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे सूक्ष्म कण आणि प्राणवायू साठवणारे सिरियमचे ऑक्साइड यांचा लेप दिलेला असतो. पेट्रोलमधील गंधक जळून निर्माण होणारा वायू, हवा मुबलक असेपर्यंत, या लेपावर सल्फेटच्या रूपाने चिकटून राहतो. पुढे इंजिनास जादा पेट्रोल मिळून प्राणवायू अपुरा पडला की साठलेल्या गंधकाचा हायड्रोजनशी संयोग होतो आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. लेप ताजा असताना त्याचा पृष्ठभाग विस्तृत असतो. म्हणून नव्या मोटारीत ही साठवण अधिक. हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे थोडेसे भाग असले तरी ते आपल्या नाकास जाणवतात.

१ एप्रिल २०२० पासून देशातील पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणली गेली. त्यामुळे क्वचित येणाऱ्या वासाची चिंता नको. पहिल्या काही दिवसांतील जळकट वास तर कारखान्यात लावलेल्या तेलाचा असतो व तो आपोआप जातो. मात्र सडका वास सतत येत असेल, तर पेट्रोलचे प्रमाण नियंत्रित करणारी यंत्रणा हमीच्या मुदतीतच तपासून घ्यावी. बॅटरी अतिभारित झाली असतानाही असाच वास येतो, हे मेकॅनिकही कधी कधी विसरतात.

खरा धोका निराळाच आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असून त्यास मुळीच वास नाही. म्हणून मोटारीच्या आत धुराचा कसलाही वास आला, तर त्याच वाटेने हा वायूही येत असल्याचे समजावे: काचा उघडाव्यात, गाडी थांबवून बाहेर पडावे आणि धूरनळीची गळती व डिकीचे रबर तपासल्यावाचून ती पुन्हा चालवू नये. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणे तर सर्वथा वर्ज्य होय, मग वास येवो अथवा न येवो.