तरुण संघाला जाणता गडी कशाला हवा?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही, पण त्याचे सर्वांत मोठे मैदान आपण टीव्हीवर अनेकदा पाहिले आहे. ज्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर डिसेंबरात कसोटी सामना होतो, तिथेच सप्टेंबरअखेर या खेळाचा अंतिम सामना होतो. क्रिकेटपटूंना हिवाळ्यात काहीतरी खेळ हवा, असे टॉम विल्स या खेळाडूने १८५८ मध्ये सुचवले आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले.

प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, लंबगोल मैदान आणि चेंडूही लंबगोल. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायाने मारला की ६ गुण, शेजारच्या खांबांमधून गेला तर १ गुण. चेंडू हातात धरता येतो, पण फेकता येत नाही. मुठीने ठोसून किंवा लाथ मारूनच तो साथीदाराला द्यावा लागतो. चार डाव सतत धावायचे आणि त्यात अंगावर येणारे धक्के झेलायचे. म्हणून या खेळात वयाला फार महत्त्व आहे.

तिथल्या राष्ट्रीय लीगमध्ये १९८६ पासून नवे खेळाडू ड्राफ्ट पद्धतीने वाटले जातात. जो संघ तळाला राहतो, त्याला नव्या मुलांमधून साधारणपणे पहिली निवड मिळते. ही मुले बहुतेक १८ वर्षांची असतात. पद्धत न्याय्य आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. हरणारा संघ दरवर्षी गुणी मुले घेत जातो आणि शेवटी सगळा संघच कोवळा होतो. मुलांकडे वेग असतो, पण अंगात भर आलेली नसते. समोर २७-२८ वर्षांचा तयार गडी असला की शेवटच्या डावात ती थकतात. शिवाय मैदानात कोणी कुठे उभे राहायचे हे ओरडून सांगणाराच कोणी नसतो. संघ पुन्हा हरतो आणि पुन्हा मुलेच घेतो.

यावर उपाय म्हणजे मुलांमध्ये काही मोठे खेळाडू मिसळणे. हे खेळाडू दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार म्हणजे कारकीर्दीच्या शेवटाकडे आलेले अनुभवी खेळाडू. २०१२ मध्ये पश्चिम सिडनीत ग्रेटर वेस्टर्न सिडनी हा नवा संघ उतरला. त्यात बहुतेक मुलेच होती, म्हणून ल्यूक पॉवर, जेम्स मॅकडोनाल्ड, चॅड कॉर्न्स आणि डीन ब्रोगन या तिशी ओलांडलेल्या चौघांना घेतले. तरी पहिल्या हंगामात संघाने २ सामने जिंकले आणि दुसऱ्या हंगामात फक्त १. म्हणजे मोठी माणसे आणली की लगेच विजय मिळतो, असे नाही. पण मुले टिकली, शिकली आणि २०१९ मध्ये हाच संघ अंतिम सामन्यात पोहोचला.

ब्रिस्बेनचे उदाहरण मला जास्त आवडते. २०१७ मध्ये हा संघ अगदी तळाला होता. हॉथॉर्नकडून चार विजेतेपदे मिळवलेला ल्यूक हॉज निवृत्त होणार होता, तो २०१८ मध्ये ब्रिस्बेनला आला. त्या वर्षी संघाने ५ सामने जिंकले, तर २०१९ मध्ये १६ जिंकून दुसरे स्थान मिळवले. हे सगळे हॉजमुळे झाले असे म्हणता येणार नाही, कारण इतरही चांगले खेळाडू आले होते. पण बचावफळीत त्याच्या शेजारी खेळलेला तरुण हॅरिस अँड्र्यूज पुढे संघाचा सहकर्णधार झाला आणि २०२४ मध्ये ब्रिस्बेनने विजेतेपद पटकावले.

दुसरा प्रकार म्हणजे १८ व्या वर्षी कोणी निवडले नाही, पण राज्य पातळीवर खेळत राहिले असे खेळाडू. जेम्स पॉडसिअॅडली २८ व्या वर्षी जिलाँगकडून पहिला सामना खेळला. टॉम स्टुअर्टला त्याच संघाने २३ व्या वर्षी घेतले आणि तो देशातल्या उत्तम बचावपटूंमध्ये गणला गेला. मार्लिअन पिकेटला रिचमंडने २७ व्या वर्षी, हंगामाच्या मध्यावर घेतले. त्याचा पहिलाच सामना म्हणजे २०१९ चा अंतिम सामना, आणि रिचमंडने तो ८९ गुणांनी जिंकला. समोर ग्रेटर वेस्टर्न सिडनीच होते.

या उदाहरणांवरून मला तीन कसोट्या दिसतात. संघात नेमकी जिथे उणीव आहे, तिथलाच खेळाडू घ्यावा. अनुभवी माणूस स्वतः खेळण्याबरोबर शिकवणाराही असावा. आणि त्याच्यामुळे मुलांची वाट कायमची अडू नये. फौजेतही असेच असते. नुकत्याच कमिशन मिळालेल्या लेफ्टनंटच्या सोबत वीस-बावीस वर्षे सेवा झालेले सुभेदारसाहेब असतात. हुकूम लेफ्टनंटचा असतो, पण सुभेदारसाहेबांचा सल्ला घेतल्याशिवाय शहाणा लेफ्टनंट पाऊल टाकत नाही.

हा विषय मी निवडला, कारण मार्चमध्ये आमच्या हाऊसच्या फुटबॉल संघातले सात जण बारावी होऊन जातील. उरणारे बहुतेक नववी-दहावीचे. आपल्याला बाहेरून खेळाडू आणता येत नाहीत. पण अकरावीत असे काही जण आहेत, जे क्रॉस कंट्रीत पुढे असतात आणि फुटबॉलच्या निवडीत दोन वर्षांपूर्वी मागे पडले म्हणून पुन्हा आलेच नाहीत. त्यांना पुन्हा चाचणीला बोलवावे, असे मी हाऊस कॅप्टनना सुचवले आहे. मी बचावात उजव्या बाजूला खेळतो. त्यांच्यातला कोणी तयार निघाला, तर बाहेर बसणारा बहुधा मीच असेन. ते मला आवडणार नाही. पण रोजच्या सरावात त्याच्याविरुद्ध धावून मी जे शिकेन, ते माझ्याच वयाच्या दहा मुलांबरोबर खेळून मला मिळणार नाही.